चोरीला गेलेला हुकूम

एका राज्यात फौज होती, पण त्या फौजेला एका शब्दाचा शाप होता. झालं असं, की कालदंष्ट्र मांत्रिकाला लोकांनी हाकलून दिलं, तेव्हा जाता जाता मेल्याने राज्यातला एक शब्द चोरून नेला. कोणता, ते कुणाच्या ध्यानीही आलं नाही.

राजा सुवर्म्याने राज्याची पहिली फौज उभारली आणि डोंगरातल्या मेघकेतूला पहिला सेनापती नेमलं. हातात त्या पदाचा चांदीचा दंड दिला. मेघकेतू हरखला, घोड्यावरून गरजला, "चला!" फौज चालू लागली, ती चालतच राहिली! 'पुरे', 'बस', 'अहो, नका' असं ओरडून त्याचा घसा बसला, पण पाय ऐकेनात. बायका भाकऱ्या घेऊन बाजूने धावू लागल्या.

त्याची बायको पद्मावती धापा टाकत म्हणाली, "छान फौज उभारलीत हो! उभी तेवढी राहत नाही."

मेघकेतूला कळून चुकलं. आपल्या पहिल्याच हुकमाने आपलीच माणसं चालून चालून मरणार! हे त्या मांत्रिकाचंच काम, हे ओळखून त्याने घोडा थेट त्याच्या गुहेकडे पिटाळला.

गुहेत मांत्रिक नव्हता, एक साळुंकी तेवढी बसली होती. "शब्द माझ्या पोटात आहे. तीन कसोट्या आहेत."

"सांग."

"या राशीतले मूठभर हिरे घे."

त्याने मूठ भरली. हात पुन्हा वळला, तसा त्याने तो मागे ओढला. मग भिंतीतून त्याच्या भावाला मारणारा वैरी निघाला आणि हात जोडून उभा राहिला. मेघकेतूची तलवार उगारली गेली, डोळे भरून आले, पण तलवार म्यानात परतली.

"घे तुझा शब्द," साळुंकी म्हणाली, "'थांब'! पण हा शब्द उसना आहे. तिसरी कसोटी कधी येईल, ते सांगणार नाही. हरलास, तर फौज कायमची चालेल."

तो घोडा दौडवत फौजेपाशी आला आणि ओरडला, "थांबा!" अख्खी फौज मटकन खाली बसली.

पुढे मेघकेतूने फौजेला चालण्याआधी थांबायला शिकवलं. पेरलेल्या शेताच्या बांधाशी थांबायचं, हरलेल्याच्या दाराशी थांबायचं. सीमेवरचे राक्षस त्याच्या नावाने चळचळा कापत. केस पिकले, कीर्ती वाढली.

मग राजा वारला. मागे राहिली एक कोवळी राजकन्या. फौज गरजली, "सेनापतींनीच गादीवर बसावं!" मुकुट तबकातून आपणहून उठला आणि मेघकेतूच्या डोक्यावर तरंगू लागला. खोटं कशाला सांगू, त्याला गोड वाटलं. एक पाय गादीच्या पायरीवर गेलादेखील. तोच खाली अंगणात हजारो टाचा आपोआप उचलल्या गेल्या.

त्याला साळुंकीची तिसरी कसोटी आठवली. "थांब, मेघकेतू," तो स्वतःलाच म्हणाला.

त्याने पाय मागे घेतला, टाचा जमिनीवर टेकल्या. मुकुट राजकन्येच्या माथ्यावर उतरला. त्याने चांदीचा दंड तिच्या पायाशी ठेवला. सज्ज्यावरून साळुंकी बोलली, "शाप सरला. आता शब्द राज्याचा."

मेघकेतू पायीच घरी आला. पद्मावती दारात उभी होती.

"थांबलात एकदाचे?"

"थांबलो."

"मग पाट मांडते. आज तरी भाकरी बसून खा."