जाते म्हणालेली जिऊ

एका राज्यात घडलेली ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत जाणणारा मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर एकच उरला आहे, आणि तो म्हणजे आम्ही. मधला थोडा भाग तेवढा आम्हांला ठाऊक नव्हता. तो एका साळुंकीने सांगितला, आणि ती साळुंकी खोटारडी होती.

तर त्या राज्यावर शत्रू चालून आला. शत्रूच्या पदरी कज्जल नावाचा मांत्रिक. त्याने लोखंडाची गिधाडे घडवली, आणि ती राजधानीवर घिरट्या घालून निखारे टाकू लागली. राजाने प्रधानाला विचारले, "काय करावे?" प्रधानाला अक्कल होती, पण ती तो सणासुदीलाच वापरी. नशिबाने त्या दिवशी दसरा होता. तो म्हणाला, "महाराज, आधी लेकरे बाहेर काढावी." मग गावोगावी बैलगाड्या निघाल्या. प्रत्येक लेकराच्या गळ्यात नाव कोरलेला तांब्याचा बिल्ला.

अशाच एका गाडीतून नऊ वर्षांची जिऊ हैबती सुताराच्या अंगणात उतरली. हैबती ऐंशीचा, घरात एकटा, पण त्याच्या हातची चौकट पंचक्रोशीत नावाजलेली.

"आत ये पोरी, भाकरी गरम आहे," तो म्हणाला.

जिऊ दारापर्यंत आली. तिने पाय उचलला, तो उंबऱ्यावरून आपसूक मागे आला. दुसरा उचलला, तोही मागे आला.

"हट्टी आहे," गाडीवान म्हणाला. "सहा घरांनी परत पाठवली. तुम्ही सातवे."

"मीही हट्टीच आहे. जमेल आमचं," असे म्हणून हैबती ताट घेऊन अंगणात आला.

चार दिवस पोर फणसाखाली बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. पाचव्या दिवशी हैबती तिचे पाय धुऊ लागला, तर बोटे दगडाची झालेली. वळचणीची साळुंकी म्हणाली, "हैबती, ही शापात आहे. कज्जलाने शिंग फुंकले त्या घटकेला राजधानीत उंबऱ्यावर जो जे बोलला, ते त्याला चिकटले. अमावास्येपर्यंत सुटले नाही, तर ही पोर वाटेकडेचा दगड होईल."

"उपाय?"

"तीन कामे. जो उंबर हसून फांदी देईल, त्याचा उंबरा कर. त्याला लोखंडी गिधाडाच्या पिसांचे खिळे ठोक. मग हिने घराच्या आतून बाहेर पडावे आणि म्हणावे, येते."

"अगं बये, ती आत जातच नाही, तर आतून बाहेर पडेल कशी?"

"मी पक्षी आहे. सुतार तू आहेस," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

नदीकाठी एक उंबर होता, बारा वर्षे कुणावर तरी रुसलेला. कुणावर ते तोही विसरला होता. हैबती बुंध्याशी बसला. "उंबरदादा, राजानं फर्मान काढलंय. तुझं फूल आणेल त्याला अर्धं राज्य."

"माझं फूल मलाच कधी दिसलं नाही," उंबर म्हणाला.

"ठाऊक आहे. पण तुझ्या भावाच्या शेंड्यावर प्रधान चढून बसलाय, आणि आता त्याला उतरता येईना."

झाड असे हसले की जाडजूड फांदी कडाडून खाली आली.

टेकडीवर एक लोखंडी गिधाड लुटीच्या सोन्यावर बसले होते. त्या सोन्याला जो शिवे त्याचा हात सोन्याचा होई, आणि मग पाठीला खाज आली तरी खाजवता येत नसे. हैबतीने सोन्याकडे पाहिलेही नाही. "गिधाडराव, चोच बोथट झाली आहे. कानस मारून देऊ?"

"दे."

कानशीच्या सुखाने गिधाडाने डोळे मिटले. हैबतीने तीन पिसे उपटली.

"काय टोचले?"

"धार टोचणारच, गिधाडराव."

"शाबास," गिधाड म्हणाले.

उंबरा झाला, खिळे झाले. तिसरे काम मात्र हैबतीच्या डोक्यात शिरेना. तोवर जिऊ गुडघ्यापर्यंत दगड झाली होती, आणि अमावास्या उजाडली. सकाळी हैबती पहार घेऊन आला आणि बसल्या पोरीच्या भोवती खड्डे खणू लागला.

जिऊने पहिल्यांदा तोंड उघडले. "आजोबा, काय करता?"

"तू घरात येत नाहीस ना? म्हणून घराला सांगितलं, तूच तिच्याकडे जा."

त्याने चार खांब पुरले, कुडाच्या भिंती उभ्या केल्या, वर गवताने शाकारले, पुढे चौकट बसवून उंबरा ठोकला. ऊन डोक्यावर आले तेव्हा जिऊ घरात होती, तीही उंबरा न ओलांडता. कज्जलाच्या मंत्रात याची सोय नव्हती. मांत्रिक लोक सुतारांना काही विचारत नाहीत.

हैबती बाहेर जाऊन बसला. "आता येते म्हण, आणि ये बाहेर."

जिऊ हलेना. "आजोबा, मी आईला जाते म्हणाले."

"अरे देवा."

"ती सारखी सांगत होती, जिऊ, येते म्हण. मला पाठवू नको म्हटलं तरी पाठवत होती. मला राग आला. मी मुद्दाम जाते म्हणाले. म्हणून ती मला न्यायला आली नाही."

हैबतीने नव्या उंबऱ्यावरचा भुसा हाताने पुसला. मग म्हणाला, "त्याआधी रोज काय म्हणायचीस?"

"येते."

"मग आईला काय तेवढं एकच ऐकू आलं? रागावलेलं पोर काय बोलतं ते आईला कळतं गं. मांत्रिकाला कळत नाही."

"इथून येते म्हटलं, तर माझं ते घर?"

"ते तुझंच. मी काय तिथली चौकट उपटून आणणार आहे?"

जिऊ उठली. दगडाचे पाय ओढत उंबऱ्यापाशी आली. फार बारीक आवाजात म्हणाली, "येते."

तिने पाऊल बाहेर टाकले, आणि खपली पडावी तसा दगड गळून पडला. पोर फणसाला वळसा घालून धावत आत गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा आत.

"अगं, आजच बसवलाय तो उंबरा!" हैबती ओरडला.

एक शब्द सुटला, तसे तिकडे कज्जलाचे शिंग उभे चिरले. गिधाडे होती तिथे कोसळली, लोकांनी त्यांचे तवे केले. शत्रू परत गेला. राज्यात उंबऱ्याउंबऱ्यावर चिकटलेले शब्द सुटले. जिऊच्या आईने त्या घटकेला म्हटले होते, "मी इथंच वाट बघते गं." तिचे पाय दारातच रुतले होते, शेजारणी तिला उभ्याउभ्याच जेवू घालत होत्या. पाय सुटताच ती पहिली गाडी धरून आली. मायलेकी किती रडल्या ते साळुंकीने वाढवून सांगितले, म्हणून इथे गाळले आहे.

निघताना जिऊ गाडीत चढली. "येते, आजोबा."

"ये. पण लवकर ये," हैबती पागोटे सारखे करीत म्हणाला. "ऐंशी झाली मला. उशीर केलास तर मी गेलेला असेन, मग बसशील रिकाम्या घराशी भांडत."

जिऊ गाडीतून वाकली. "मग जाताना येतो म्हणा, म्हणजे झालं."