मामाचा निरोप

दिवसभर पोरं सांभाळून बालवाडीची मदतनीस शेवंता पार गळून गेली होती. तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली. कडक इस्त्रीतल्या अनोळखी माणसानं एका पोरीच्या दप्तरावरचं नाव वाचलं आणि तो गुरकावला, "गौतमीला पाठव. मी तिचा मामा. आईनं बोलावलंय."

"आई कुठंय?" शेवंतानं थकल्या आवाजात विचारलं.

"दवाखान्यात. शेवटच्या घटका मोजतेय. तुझ्यासारख्या बाईला सगळं सांगत बसू?"

शेवंतानं फाटकाला कुलूप घातलं आणि गौतमीला कडेवर घेतलं.

"मरायला टेकलीय खरी, पण कामानं. हिची आई मीच. आणि मला भाऊ नाही."

मोटार पळाली. शेवंतानं खडूनं तिचा नंबर पाटीवर उतरवला.