थंडी खाल्लेला गहू

संक्रांतीचा दिवस, दुपारचे चार. ठिकाण, उत्तरेच्या पहाडातलं एक कृषी संशोधन केंद्र. बाहेर गुडघाभर बर्फ.

या केंद्रावर केरबा नावाचा एक भोळा गडी होता. केंद्राच्या प्रमुख नलिनी टिळेकर मॅडमनीच त्याला आपल्या सांगलीकडच्या गावातून आणलं होतं. मॅडमनी बारा वर्षं खपून बर्फात तगणारा गहू तयार केला होता. त्याचं बियाणं होतं एक गोणी. पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडायच्या आत ते पहाडातल्या शेतकऱ्यांच्या शेतात पडायचं होतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला केंद्रावर आल्या आल्या केरबाने गव्हाच्या कोवळ्या रोपांवर आपली वाकळ पांघरली.

मॅडम म्हणाल्या, "काढ ती. थंडी खाऊ दे त्याला. थंडी खाल्ल्याशिवाय हा गहू ओंबी धरत नाही."

"बरं मॅडम."

पुढच्याच आठवड्यात वरचे एक साहेब पाहणीला आले. केरबाने त्यांना फाटकाबाहेरच उभं केलं.

"अरे, आत तर घे."

"जरा थंडी खा साहेब. नाहीतर ओंबी धरायची नाही."

साहेबांचं नाक जांभळं झालं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "केरबा, दारात आलेल्याला आत घ्यायचं. शेगडीपाशी बसवायचं. खायला घालायचं."

"बरं मॅडम."

मग खालच्या वस्तीतला एक बोकड वाट चुकून दारात आला. केरबाने त्याला आत घेतलं. शेगडीपाशी बसवलं. खायला प्रयोगातली जवाची रोपं घातली.

मॅडम आल्या तेव्हा बोकड ढेकर देत होता.

"हा कोण?"

"पाहुणा."

"बोकड आहे तो. बोकडाला बोकड म्हणावं. ज्याचं जे नाव, त्याला तेच म्हणायला शीक."

केरबाने लगेच कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट दाखवलं. "मग ही गव्हाची गोणी."

"गहू नाही तो. गहू वाण्याकडे मिळतो. हे वाण आहे, नवं वाण. काय?"

"वाण."

"परत म्हण."

"नवं वाण, मॅडम."

संक्रांत आली. खालच्या छावणीतल्या मराठी जवानांच्या बायकांना मॅडमनी हळदीकुंकवाला बोलावलं. वाण लुटायला स्टीलच्या नव्या वाट्या आणून कपाटात ठेवल्या. सकाळी त्या कामाला शहरात गेल्या आणि बर्फाने रस्ता बंद झाला. चार वाजता त्यांनी फोन केला.

"केरबा, आल्या का बायका?"

"आल्या. शेगडीपाशी बसवल्यात. खायला घातलंय."

"शहाणा झालास. हळदीकुंकू त्या एकमेकींना लावतील. तू फक्त वाण दे."

"कुठलं वाण?"

"नवं. दुसरं कुठलं?"

"सगळं?"

"सगळं. मागे ठेवून काय लोणचं घालायचंय?"

केरबाने गोणी ओढत आणली.

"अगंबाई, यंदा गव्हाचं वाण," एक जण म्हणाली.

"शेतीखात्यातल्या बाई त्या. वाट्या थोड्याच देणार?" दुसरी म्हणाली आणि तिने पदर पसरला.

केरबाने हात आखडता घेतला नाही. गोणी झटकून दिली.

सकाळी रस्ता खुला झाला. मॅडम परतल्या. रिकामी गोणी नीट घडी घालून ठेवलेली.

"केरबा, गहू कुठाय?"

"गहू इथं कुठला, मॅडम? गहू वाण्याकडे मिळतो."

"मग या गोणीत काय होतं?"

"वाण. ते काल लुटलं."

मॅडम तशाच छावणीकडे धावल्या. पहिल्याच घरात गुळाचा वास सुटला होता. चुलीवर खीर रटरटत होती. बाकीच्या घरांतल्या गव्हाचं पीठ होऊन आलं होतं.

"बसा ना बाई," घरातली म्हणाली, "चव तर बघा. काय गोड गहू आहे तुमचा."

चौकशी बसली. केरबा मूर्ख आहे, हे एकमताने ठरलं आणि चौकशी उठली. बारा वर्षांच्या कामाचं सगळं बियाणं एकाच गोणीत होतं आणि त्या खोलीला कुलूप नव्हतं. याबद्दल पाहणी करून गेलेल्या त्या वरच्या साहेबांना विचारलं. त्यांनी फाईल बंद केली.