पेवाच्या तोंडचे तीन प्रश्न

एका राज्यात, उघड्या माळावर एक गाव होते आणि गावाच्या मधोमध सर्वांचे मिळून एक पेव होते. सुगीत ज्याने त्याने जमेल तेवढी ज्वारी या जमिनीतल्या कोठारात ओतावी आणि ज्याची चूल थंड पडेल त्याने न्यावी, अशी रीत. आणखीही एक रीत होती. धान्य 'संपले' असे तिथे कोणी म्हणत नसे; अशुभ नको म्हणून 'वाढले' म्हणत.

पूर्वी एक भुकेला मांत्रिक पेवाशी आला. राखणदाराने त्याला इतके खोदून विचारले, की तो दाणाही न घेता उठला. जाताना म्हणाला, "या तोंडाशी जितके प्रश्न विचाराल, तितके धान्य वाढेल." गाव हरखले. तेव्हापासून येईल त्याला तीन प्रश्न: कोण तू? घरात खरेच काही नाही? कशावरून?

आता राखणीला भिवरा होती. दुष्काळ पडला होता. राजाची दवंडी फिरली, की पेव रिकामे झाले तर गाव उठवायचे, माणसे दाही दिशांना पांगवायची. भिवरा प्रश्न चोख विचारी, बहुतेकांना परत धाडी, तरी ज्वारी हातभर खाली जाई. चोर आहे, दुसरे काय! तिने पेवाभोवती राख पसरली. पाऊल उमटले नाही. झाकण लिंपून त्यावर आपला तळवा उमटवला. ठसा मोडला नाही. मग बोलक्या साळुंकीला आत पहाऱ्याला बसवले. ज्वारी उतरतच राहिली.

तिचा सगळा संशय शेजारच्या आवडावर होता. अंगावर पिते मूल, दाराशी उपासमार, आणि छपरातून रोज धूर कसा? दोनदा तिने आवडाला हाकलले होते. आवडा तिसऱ्यांदा आली.

"चुलीवर काय शिजतं गं तुझ्या?"

"कडू कंद, आत्या. पाणी बदलून बदलून उकळते, तेव्हा विष उतरतं."

"कशावरून?"

आवडाने पदराची गाठ सोडून काळा कंद दाखवला. "आता दूध येत नाही मला," ती म्हणाली.

भिवराला तेही खरे वाटेना. तिने पेवात हाक दिली, "साळुंके, किती उरलं?"

"वाढलं," साळुंकी म्हणाली.

भिवराने वाकून आत डोकावले. वाढले म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको होते. आणि मग तिला कळले. मांत्रिकही याच माळावरचा होता. त्यानेही रीत पाळूनच शाप दिला होता! चोर कोणी नव्हता. तिचा एकेक प्रश्न पसापसा ज्वारी खात होता. तिला स्वतःची फार लाज वाटली.

ती आत उतरली, तळ झाडून ओंजळभर दाणे वर आणले. नवरा कुठे, मूल केवढे, हे ओठांवर आले होते. तिने जीभ चावली आणि दाणे आवडाच्या पदरात घातले.

आवडा दचकली. "काही विचारलं नाही. यात काही कालवलं तर नाही ना?"

भिवराने त्यातलेच चार दाणे तोंडात टाकून चावले. मग आवडा गेली.

खाली सळसळ झाली; न विचारता दिले, तसा शाप उतरला होता. ज्वारी पोटाला लागली तशी साळुंकी फडफडत बाहेर आली, आणि दिवस मावळायच्या आत पेव तोंडापर्यंत भरले. राजाने हुकूम मागे घेतला. गाव जागच्या जागी राहिले.

अजूनही त्या पेवाशी एकच शब्द बोलतात. येणारा पदर पसरतो, म्हणतो, "वाढ." आणि भिवरा वाढते.