टिटवीपर्यंत न पोचलेला माईक

माणसांनी जत्रेत विसरलेला माईक प्राण्यांच्या सभेत आला, त्या काळची ही गोष्ट. हत्तीचा आवाज त्यातून दणकून यायचा. टिटवीचा मात्र येतच नसे. तिला तर सभेत सगळ्यांना सांगून नदीकाठच्या वाळूतली आपली अंडी पायदळी जाण्यापासून वाचवायची होती.

“आवाजच नाही गं तुझ्यात!” हत्ती हसला.

“आधी बघू तरी,” म्हणत साळिंदराने माईक उघडला. जाळी, पडदा, तारा, सगळं ठणठणीत होतं. मग त्याने स्टँड सुटा केला. उंची बदलायचा स्क्रू कधी कुणी फिरवलाच नव्हता. तो गंजून घट्ट बसला होता. साळिंदराने तो खटपट करून सैल केला, सगळं पुन्हा जोडलं आणि माईक टिटवीच्या चोचीपर्यंत खाली आणला. तोवर सभा उठली होती. हत्ती नदीकडे निघाला होता.

“हत्तीदादा, थांबा! वाळूत माझी अंडी आहेत!”

हत्तीने उचललेला पाय तसाच वर धरला.