फळ्यावरची तळची ओळ

ज्या वर्षी मोहरपुरात आंब्यांच्या आधी ऊनच पिकून पिवळंधमक झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. ऐकताना राग आला तर येऊ द्या, सांगतानाही तो येतोच.

मोहरपूर म्हणजे इवलंसं गाव. लाललाल कौलं, निळीनिळी दारं आणि मधोमध चौक. त्या चौकात एक भलामोठा काळा फळा. रोज सकाळी दिगंबरकाका शिडीवर चढायचे आणि रंगीत खडूंनी गावाच्या बातम्या लिहायचे. निळ्या अक्षरांत पोहण्याच्या शिबिराची वेळ, हिरव्या अक्षरांत कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आणि यंदा सगळ्यात वर, गुलाबी वेलबुट्टी काढून, 'रविवारी उन्हाळी महोत्सव! बागेत सप्तरंगी कारंजं!' मोहरपूरकरांचा या फळ्यावर भारी विश्वास. 'आज पाऊस येईल' असं फळ्यावर आलं, की रणरणत्या उन्हात माणसं छत्र्या उघडून निघायची. डोळ्यांना काय दिसतं ते त्यांच्या लेखी मागाहून.

फळ्याच्या अगदी तळाशी, बारीक पांढऱ्या अक्षरांत एक ओळ असायची. 'बुरूड आळीचा नळ नियमित सुरू आहे. हुकमावरून.' कुणाच्या हुकमावरून, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसायचं.

आणि बुरूड आळीचा नळ तेरा दिवस ठणठणीत कोरडा होता.

त्या आळीत आठ वर्षांची बकुळा आईबरोबर राहायची. बाबा देवाघरी गेलेले. आई, तानूबाई, बांबूच्या करंड्या विणायची. आंब्याचे दोन महिने करंड्या खपायच्या, त्यावर वर्षाचे तांदूळ भरायचे. पण बांबू पाण्यात भिजवल्याशिवाय वाकत नाही. पाणी नव्हतं, म्हणून बांबूच्या पट्ट्या आईच्या हातात कडाकडा मोडायच्या आणि तिच्या बोटांना कुसळं टोचायची. दिवसाकाठी जिथे दहा करंड्या व्हायच्या, तिथे एक होईना.

शेवटी शनिवारी आई बकुळाचा हात धरून नगरपालिकेत गेली. अध्यक्ष विश्वंभरराव पंख्याखाली बसून वाळ्याचं सरबत पीत होते.

"साहेब, बारा दिवस झाले, आमच्या नळाला थेंब नाही," आई म्हणाली.

"फळा वाचला नाहीत का, बाई?"

"मला वाचता येत नाही, साहेब. पण नळ दिसतो की मला."

"फळ्यावर नियमित लिहिलंय. म्हणजे तुम्ही खोटं बोलताय," विश्वंभरराव शांतपणे म्हणाले आणि त्यांनी सरबताचा पुढचा घोट घेतला.

भोवतालच्या माणसांनी माना डोलावल्या. फळ्यावर आहे म्हणजे आहेच, असं सगळे पुटपुटले. जिने आयुष्यात कुणाच्या झाडाखालची कैरी विचारल्याशिवाय उचलली नव्हती, ती बकुळाची आई चारचौघांत खोटारडी ठरली आणि खाली मान घालून बाहेर आली. बकुळाचे कान रागाने तापले. तहान तिला सोसवत होती. आईची खाली गेलेली मान मात्र तिला सोसवेना.

पाणी कुठे गेलं होतं, ते काही गुपित नव्हतं. बागेतल्या सप्तरंगी कारंज्याची रोज रंगीत तालीम चालली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बकुळा दोन मैलांवरच्या विहिरीवरून तिची चिमुकली कळशी भरून आणत होती. वाट बागेच्या मागच्या कुंपणावरून जायची. आत कारंजं थुईथुई नाचत होतं, लाल, केशरी, जांभळं. तुषार हवेत उडून मातीत जिरत होते. आणि तिथून दहाच पावलांवर, कुंपणाच्या कोपऱ्यात, मोगऱ्याचं एक रोपटं मान टाकून वाळत होतं. त्याच्यावर एकच इवलीशी कळी होती, तीही सुकत आलेली.

"तुझी पण आमच्यासारखीच गत केली होय रे यांनी," बकुळा म्हणाली. तिने कळशी टेकवली आणि ओंजळभर पाणी मुळाशी घातलं. मग आणखी एक ओंजळ. "आईला सांगेन, तुला दिलं म्हणून. ती नाही रागवायची."

माती चुटुचुटु पाणी प्यायली. कळी थरथरली आणि अलगद उमलली. आतून चांदीच्या भुकटीसारखा प्रकाश सांडला, आणि त्या प्रकाशात एक बोटभर परी उभी होती! पाकळ्यांचा शुभ्र झगा, पोपटी पंख, केसांत दवाचे टिपके.

"तेरा दिवसांनी पाणी मिळालं गं, बकुळा," परी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कारंजं समोर नाचतंय आणि माझ्या घशाला कोरड. फार राग आला होता मला."

"मलाही येतो, परीताई. पण माझ्या रागाने नळाला पाणी येत नाही."

परी हसली. तिने झग्यातून खडूचा एक तुकडा काढला. हरभऱ्याएवढा, पण त्यात सातही रंग लुकलुकत होते. "या खडूने फळ्यावर तीन ओळी लिही. लिहिशील ते खरं होईल. पण नियम ऐकून घे. केवळ स्वतःपुरतं काही मागायचं नाही. लपूनछपून लिहायचं नाही, भर उजेडात, लोकांसमोर लिहायचं. आणि प्रत्येक ओळीखाली स्वतःचं नाव घालायचं."

"नाव घालायलाच हवं?" बकुळाने हळूच विचारलं. तिला विश्वंभररावांचा आवाज आठवला.

"हवंच. नाव न घालता लिहिणारे गावात पुष्कळ आहेत."

चौकात महोत्सवाची गर्दी जमली होती. पताका फडफडत होत्या, सनई वाजत होती. कळशी सांभाळत बकुळा फळ्यापाशी आली आणि तिने सगळा फळा वरून खाली वाचला. मधल्या एका ओळीवर ती थांबली. 'भागीरथीआजींची करडी शेळी हरवली आहे.' फळ्याखालीच आजी दावं मांडीवर घेऊन डोळे पुसत बसल्या होत्या. बकुळाने लिहिलं, 'आजींची शेळी परत आली आहे. – बकुळा.' अक्षरं सात रंगांत चमकली, आणि गर्दीतून में-में करत करडी शेळी आली ती थेट आजींच्या कुशीत.

पुढे ओळ होती, 'एस.टी. थांब्यावर पाणपोई सुरू होणार आहे. हुकमावरून.' ती पाणपोई बकुळाने येताना पाहिली होती. माठ उपडे पडले होते आणि कडेवर बाळ घेतलेली एक बाई रिकामं पात्र हातात धरून उभी होती. बकुळाने शेजारी लिहिलं, 'पाणपोईचे माठ गार पाण्याने भरले आहेत. – बकुळा.' तिकडून लोकांचा आनंदाचा गलका ऐकू आला.

आता उरली होती तळची ओळ. तिने खडू टेकवला. उमटेना. दाबून पाहिलं, तरी उमटेना.

फळ्याच्या काठावर चांदणं लुकलुकलं. परी तिथे बसली होती. ती फक्त बकुळालाच दिसत होती. "इथे आधीच लिहिलंय ना, नळ सुरू आहे म्हणून? तसल्या खोट्याच्या शेजारी माझा रंग बसत नाही. आधी ते पूस. मग 'नळाला पाणी आलं' असं लिही, की लगेच येईल."

पालिकेची ओळ पुसायची! मोहरपुरात आजवर कुणी तसं केलं नव्हतं. शिडी धरून उभे असलेले दिगंबरकाका पुढे झाले. "नको गं पोरी," ते म्हणाले. "वरून जसं येतं तसं मी लिहितो. मलाही ठाऊक आहे, पण मी बोलू शकलो नाही."

बकुळाने परकराचा काठ कळशीत बुडवला आणि ती ओळ खसाखसा पुसून टाकली. मग तिने सप्तरंगी खडू उचलला, आणि तिचा हात थांबला.

तिच्या मनात आलं, पाणी आलं असं लिहिलं तर पाणी येईल. पण उद्या हेच लोक म्हणतील, नळ तर पहिल्यापासून वाहत होता. आणि आई खोटी ती खोटीच राहील.

तिने परीचा खडू मुठीत मिटला. "काका, तुमचा साधा पांढरा खडू द्या," ती म्हणाली. आणि तळाशी नाही, तिचा हात पोहोचेल तितक्या वर, तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'बुरूड आळीचा नळ तेरा दिवस कोरडा आहे. माझी आई खरं बोलली. – बकुळा.'

सनई थांबली. सगळा चौक वाचू लागला. आणि मग, बघा हं, मोहरपूरकरांचा जो वेडेपणा इतके दिवस बुरूड आळीच्या जिवावर उठला होता, तोच आता तिच्या कामी आला.

"फळ्यावर आलंय, नळ कोरडा आहे," एकजण म्हणाला.

"म्हणजे कोरडाच असणार," दुसरा म्हणाला.

"तेरा दिवस?" भागीरथीआजी शेळीसकट उठून उभ्या राहिल्या. "अहो, त्या आळीत लेकरंबाळं आहेत. आणि आपण इथे कारंज्याला टाळ्या वाजवायला जमलो?"

विश्वंभरराव गुलाबी फेटा सावरत धावत आले. "कुणी लिहिलं हे?"

"खाली नाव आहे माझं," बकुळा म्हणाली. तिने नावावर बोट ठेवलं. "तुमच्या ओळीखाली तुमचं नव्हतं."

तोवर सगळी गर्दी बागेकडे निघाली होती. दिगंबरकाका सगळ्यांत पुढे होते. त्यांनी स्वतःच्या हातांनी कारंज्याची चावी फिरवून बंद केली आणि आळीची चावी उघडली. तिकडे बुरूड आळीत नळ आधी खोकला, मग फुसफुसला, आणि मग धो धो वाहायला लागला.

बकुळा मोगऱ्यापाशी आली. "परीताई, तुझी एक ओळ शिल्लक आहे."

"मग माग ना काहीतरी. आळीभर नवे परकर, लाडवांनी भरलेली टोपली?"

बकुळाने थोडा विचार केला. मग ती फळ्याकडे धावत गेली आणि चौकात परतलेल्या लोकांसमोर लिहून आली, 'या फळ्यावर यापुढे खोटं टिकणार नाही. – बकुळा.' शेवटच्या अक्षराबरोबर खडू संपला. मोगऱ्यावर एकदम शेकडो कळ्या टपाटपा उमलल्या, परीचे पोपटी पंख सोनेरी झाले, आणि शुभ्र सुगंधी उजेडाची एक लाट उठून ती त्यात विरून गेली.

दुसऱ्या दिवशी विश्वंभरराव स्वतः शिडीवर चढले. दिगंबरकाकांनी हुकमावरून लिहायला साफ नकार दिला होता. विश्वंभररावांनी लिहिलं, 'लोकहितासाठी अध्यक्षांनी स्वतःहून नळ सुरू केला.' अक्षरांची भुकटी होऊन त्यांच्या मिशांवर पडली. त्यांनी लिहिलं, 'तांत्रिक अडचणीमुळे नळ बंद होता.' पुन्हा भुकटी. सगळा चौक बघत उभा होता आणि ऊन चढत होतं. पाचव्या खेपेला लिहिलेलं मात्र टिकलं.

तानूबाई भिजलेल्या बांबूची मोळी डोक्यावर घेऊन चौकातून चालली होती. ती थांबली. "काय लिहिलंय गं, बकू?"

बकुळाने वाचलं, "'कारंज्यासाठी बुरूड आळीचा नळ मी बंद केला. तानूबाई खरं बोलल्या होत्या, खोटं मी बोललो. – विश्वंभरराव.'"

आईने मोळी खाली ठेवली, पदर नीट केला आणि मान वर करून त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं.

"परत वाच," ती म्हणाली. "जरा मोठ्याने."