अस्वलाच्या नावाने टेकडी

मोहाच्या झाडांनी दाटलेल्या एका जंगलात एक खादाड अस्वल राहत असे. त्याच्या गुहेच्या तोंडाशीच मधाचे पोळे लागले, आणि बाळांनो, तिथेच त्याचा घात झाला! पंजा वर केला की मध, खाली केला की मोहाची फुले. मग चालायचे कशाला? पोट सुटले, सारखी तहान लागू लागली, कानामागची जखम काही केल्या भरेना. पण अस्वल खुशीत होते. ते जिथे लघवीला जाई, तिथे मुंग्यांची रांग लागे. "पाहा, माझ्या दर्शनाला येतात!" असे ते ज्याला त्याला ऐटीत सांगे.

वैद्य बगळ्याने जखम पाहिली, रांग पाहिली आणि कपाळाला पंख लावला. "अरे वेड्या, ही भक्ती नव्हे, आजार आहे! चरबीने तुझ्या अंगातले दरवाजे गंजलेत. साखर बाहेर ताटकळते, तिला आत कोणी घेत नाही, मग ती लघवीतून वाहून जाते आणि मुंग्या जमतात. रोज टेकडीपर्यंत चालून ये, दरवाजे सैल होतील. नाहीतर एक दिवस डोळे गमावून बसशील."

"स्वतः एका पायावर उभा राहतो आणि मला चालायला सांगतो!" अस्वल पुटपुटले. नवस एकाने बोलावा आणि फेडायला दुसऱ्याला धाडावे, ही रीत त्या जंगलातही होती. त्याने कोल्ह्याला बोलावले. "कोल्होबा, माझ्या नावाने टेकडीवर जाऊन या. रोज द्रोणभर मध देईन." कोल्हा रोज "हे अस्वलाच्या नावाने!" म्हणून पळत सुटे. संध्याकाळी अस्वल विचारी, "आज मी कसा चाललो?" कोल्हा म्हणे, "झकास! अगदी घामाघूम झालात."

कोल्हा सडपातळ झाला. अस्वलाला मात्र एका सकाळी पोळे धूसर दिसले, पंजा मधाऐवजी थेट माश्यांवर पडला. नाक सुजले त्याचे त्याला काही नाही, पण डोळे जाणार या भीतीने ते ढसाढसा रडले. त्याच दिवशी ते स्वतः निघाले. पहिल्यांदा ओढ्यापाशीच बसकण मारली. मग हळूहळू ओढा मागे पडला, आणि मोहाची फुले संपता संपता ते टेकडीवर पोहोचू लागले. पोट अजून फारसे उतरले नव्हते, पण जखम भरली, पोळे लख्ख दिसू लागले. आणि मुंग्या? एकही नाही! खरे सांगायचे तर अस्वलाला थोडे वाईटच वाटले.

मुंग्या गेल्या तरी कुठे, म्हणून ते शोधत निघाले. रांग पोहोचली होती कोल्ह्याच्या बिळापाशी! चालण्याचे काम सुटल्यापासून कोल्होबा साठवलेला मध चाटत लोळत पडले होते. फुगलेल्या पोटावरून हात फिरवत ते म्हणाले, "अस्वलदादा, आता मुंग्या माझ्या दर्शनाला येतात बरं का!"

"उठा, कोल्होबा, उठा!" अस्वल ओरडले. "टेकडीवर चला. तुमच्या नावाने मी जाणार नाही!"

तात्पर्य : गोड ज्याने खाल्ले, घामही त्यानेच गाळावा.